काउंटरवरचा स्कॅनर घेताना: इन्फ्रारेडचं काम कुठलं, साध्या उजेडाचं कुठलं

इंदूरला किराणा, मेडिकल, नमकीन नाहीतर घरगुती मसाल्यांचं दुकान असेल आणि बिल आता वहीतून कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यावर घरोघर सल्लागार आहेत. स्कॅनरचं मात्र तसं नाही. लोक जेल रोडला जातात, पेटी उघडून बघतात, तळहातावर लाल उजेड पाडून बघतात आणि घेऊन येतात. विकणारा वर सांगतो, "भिया, इसमें आयआर है, अंधेरे में भी पढ़ लेगा."

आयआर म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. विकणाऱ्याचं हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि पुढचा सगळा घोळ उरलेल्या अर्ध्यात असतो. सुदामा नगरातल्या आमच्या छोट्या मार्टात स्कॅनर बसवताना आणि मग नात्यागोत्यातल्या दुकानांत बसवून देताना जे कळत गेलं, ते क्रमानं मांडतो. घाईत असाल तर बाकीचं राहू द्या, पण पायरी २ आणि ४ वाचाच.

हाताशी काय ठेवायचं

- मोबाइल, शक्यतो पुढचा कॅमेरा बरा चालणारा. त्याचं काम पायरी ४ मध्ये आहे.
- तुमच्याच दुकानातला माल भरलेली एक पिशवी. तिच्यात काय घालायचं ते पायरी २ मध्ये.
- मोजपट्टी, काळा जाड कागद, चिकटपट्टी.
- बिलिंगचा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, तुमचं सॉफ्टवेअर टाकलेला.
- स्कॅनरच्या पेटीतलं सेटिंगच्या बारकोडांचं पुस्तक. हे हरवू नका. मिळाल्या दिवशीच त्याचे फोटो काढून ठेवा.
- कागदपत्रं: जीएसटी क्रमांक घातलेलं खरेदीचं बिल, त्या बिलावर स्कॅनरचा सिरियल नंबर, वॉरंटीचा कागद. स्कॅनरला वजनकाटा जोडलेला असेल तर नापतोल विभागाच्या मुद्रांकनाचा दाखला.
- तुमचा माल दुसऱ्यांच्या दुकानांतही जाणार असेल तर बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी लागते. त्यासाठी पॅन, जीएसटी नोंदणी, रद्द केलेला धनादेश आणि फर्मची कागदपत्रं तयार ठेवा. फी उलाढालीवर आणि किती कोड हवेत त्यावर ठरते.

१. आधी उजेडाचा हिशेब समजून घ्या

बारकोडात काळी पट्टी उजेड खाते आणि पांढरी जागा तो परत फेकते. स्कॅनर हा फरक मोजतो, दुसरं काही करत नाही. तेव्हा प्रश्न उरतो की उजेड कुठल्या रंगाचा.

आज वापरतात तसल्या पट्ट्यांचा पहिला बारकोड दुकानाच्या काउंटरवर वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये. माल होता च्युइंगमचं पाकीट. त्या स्कॅनरमध्ये हेलियम-निऑन लेसर होता, ६३३ नॅनोमीटरच्या (उजेडाचा रंग ठरवणारं माप) आसपासचा, म्हणजे लाल. पुढे स्वस्त लेसर डायोड आले, ६५० ते ६७० नॅनोमीटरचे, तेही लालच. छपाई नीट आहे की नाही हे तपासणारी यंत्रंसुद्धा ६६०-६७० च्या लाल उजेडातच मोजतात. त्यामुळे जगभरचं पॅकिंग लाल उजेडाला दिसेल अशा बेतानं छापलं जातं. काळ्या, गडद निळ्या, गडद हिरव्या पट्ट्या चालतात. पांढरी, पिवळी, केशरी पार्श्वभूमी चालते, आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण लाल पार्श्वभूमीही चालते, कारण लाल उजेडाखाली लाल रंग पांढऱ्यासारखाच उजळ दिसतो.

याच कारणानं लाल पट्ट्यांचा बारकोड कोरा दिसतो. दिवाळीच्या फराळाचे डबे छापून घेताना प्रिंटरवाला हौसेनं बारकोडही कुंकवाच्या रंगात छापतो, बाकीच्या डिझाइनला शोभावा म्हणून. डबा सुंदर होतो, पण स्कॅनरला त्यावर काहीच सापडत नाही. पांढऱ्या उजेडाचा नवा इमेजर, म्हणजे कॅमेऱ्यासारखं चित्र घेणारा स्कॅनर, कधी कधी वाचतो, पण त्याच्या भरवशावर छपाई करू नका.

आता इन्फ्रारेड. काउंटरच्या यंत्रांत साधारण ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी असतात. ८५० चा एलईडी अंधारात जवळून बघितला तर किंचित लालसर जाणवतो, ९४० चा अजिबात नाही. आपल्या डोळ्यांना हा प्रकाश दिसत नसला तरी कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला दिसतो. आणि त्या प्रकाशात सगळी रंगसंगती बदलते. डोळ्यांना काळी दिसणारी शाई तिथे काळीच असेल असं नाही. कार्बन असलेली शाई, म्हणजे वर्तमानपत्राची किंवा लेसर प्रिंटरच्या टोनरची, इन्फ्रारेड खाते आणि काळीच दिसते. डाय, म्हणजे विरघळणारा रंग, असलेली शाई मात्र पारदर्शक होते. साध्या थर्मल पेपरवर उष्णतेनं उमटणारं काळं अक्षर याच दुसऱ्या जातीचं.

खात्री करायला दुकानातला सीसीटीव्ही पुरेल. रात्री दिवे बंद करा. कॅमेरा कृष्णधवल झाला म्हणजे त्यानं इन्फ्रारेड लावलं. त्याच्यासमोर एका हातात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात थर्मल प्रिंटरचं बिल धरा. स्क्रीनवर वर्तमानपत्राचे मथळे दिसतील, बिल मात्र बहुतेक वेळा कोरा कागद. सुट्ट्या मालाच्या पुडीवर तुम्ही लावलेलं लेबलही असंच गायब होईल.

म्हणून "इन्फ्रारेडनं बारकोड वाचतो" असं कुणी म्हणालं की थांबा. काउंटरवर बारकोड वाचायचं काम लाल किंवा पांढऱ्या उजेडाचं असतं. अंधारातही वाचतो तो स्वतःच्या लाल-पांढऱ्या एलईडीमुळे.

मग इन्फ्रारेड कशाला? पहारा द्यायला. स्कॅनर रिकामा असताना हलकं इन्फ्रारेड सोडत बसतो. समोर वस्तू आली की तिच्यावरून परत आलेला प्रकाश सेन्सरला कळतो आणि मगच लाल किंवा पांढरा दिवा क्षणभर लागून चित्र घेतलं जातं. वस्तू गेली की दिवा बंद. काही यंत्रांत एकच सेन्सर एक चित्र इन्फ्रारेडमध्ये आणि पुढचं साध्या उजेडात असं आलटून पालटून घेतो. पहिल्यावरून वस्तू कुठे आहे, किती मोठी आहे, मागचा पसारा कुठला हे ठरतं आणि दुसऱ्यावरून कोड वाचला जातो. याचा सगळ्यात मोठा फायदा बिल करणाऱ्याला होतो. दिवसभर डोळ्यांसमोर लाल दिवा फडफडत राहिला तर संध्याकाळी डोकं धरतं. आमच्याकडे काउंटर सांभाळणाऱ्या काकूंनी जुन्या स्कॅनरवर चक्क रुमाल टाकून ठेवला होता.

२. त्रासदायक मालाची पिशवी भरा

डेमोला विक्रेता नेहमी बिस्किटाचा पुडा काढतो. सपाट, मॅट कागद, काळे-पांढरे पट्टे. तो तर रद्दीतला स्कॅनरही वाचेल. तुम्ही स्वतःच्या दुकानातला वाईटात वाईट माल घेऊन जा. आमच्या पिशवीत असतं ते असं:

- शेव-नमकीनचा चकचकीत पुडा. आतून धातूचा मुलामा दिलेली फिल्म आरशासारखी चमकते, त्यात हवा भरून फुगलेली आणि कडेला चुरगळलेली. इंदूरच्या दुकानात अर्धा माल हाच, त्यामुळे खरी परीक्षा इथेच होते.
- दुधाची थंड पिशवी, फ्रीजमधून नुकतीच काढलेली, वर घाम आलेला. पाण्याचे थेंब उजेड विखुरतात, मग तो कुठलाही असो.
- पारदर्शक पिशवीवर थेट छापलेला कोड. मागून डाळ किंवा शेव दिसत असेल तर पांढरी जागा पांढरी उरतच नाही.
- काळ्या मॅट प्लास्टिकची डबी किंवा बाटली. कार्बन घातलेलं काळं प्लास्टिक इन्फ्रारेड गिळतं, त्यामुळे पहारेकरी सेन्सरला समोर काही आलंय हेच कळत नाही.
- छोट्या शाम्पूच्या पुडीवरचा बारीक कोड, आणि गोल बाटलीभोवती आडवा वळलेला कोड.
- तुमच्या थर्मल प्रिंटरचं लेबल: एक ताजं, एक महिनाभर उन्हात राहिलेलं, एक तेलाचा हात लागलेलं.
- औषधाची पट्टी, मेडिकल असेल तर. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर छापणं सक्तीचं झालं आहे आणि तो बऱ्याचदा अगदी बारीक असतो.
- मोबाइलच्या पडद्यावरचा क्यूआर, एकदा नेहमीच्या आणि एकदा डार्क मोडमध्ये.

पिशवी भरताना प्रत्येक वस्तूचा कोड खरोखर चालू आहे ना, एवढं बघून घ्या. मोबाइलच्या स्कॅनर अॅपनं सहज कळतं.

३. प्रकार ठरवा

बाजारात ढोबळ मानानं चार प्रकार मिळतील.

हातातला लेसर किंवा एक-रेषी स्कॅनर सगळ्यात स्वस्त. फक्त उभ्या पट्ट्यांचे कोड वाचतो. क्यूआर नाही, मोबाइलचा पडदा नाही. आज नवीन घेत असाल तर याच्या वाटेला जाऊ नका, कारण जीएस१ संस्थेनं २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या काउंटरांनी क्यूआरसारखे चौकोनी (टू-डी) कोडही वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्या कोडात बॅच आणि मुदत बसते. पट्ट्यांचे कोड लगेच जाणार नाहीत, पण दोन्ही प्रकारचा माल एकाच फळीवर दिसायला लागेल.

हातातला टू-डी इमेजर काही हजारांत येतो. मुळात तो छोटा कॅमेराच. लहान दुकानाला एवढा पुरतो.

टेबलावर उभा राहणारा प्रेझेंटेशन स्कॅनर: वस्तू समोरून फिरवायची, बटण दाबायचं नाही. इन्फ्रारेडचा पहारा इथे खरा कामाला येतो. गर्दीच्या वेळी दोन्ही हात मोकळे राहतात.

बायऑप्टिक म्हणजे एक काच काउंटरच्या पाट्यात आणि एक उभी. मोठ्या मार्टात दिसतो तो. अनेक बाजूंनी बघतो, त्यातच वजनकाटा बसतो, आता रंगीत कॅमेरेही येतात. किंमत लाखाच्या घरात जाते. दिवसाला शे-दीडशे बिलं होणाऱ्या दुकानाला हा घेणं म्हणजे हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते हप्ता भरायची वेळ येईपर्यंतच.

माझं मत विचाराल तर आपल्या गल्लीतल्या दुकानाला टेबलावरचा टू-डी इमेजर, तोही स्टँडवरून काढून हातात घेता येणारा. तांदळाची मोठी गोणी स्कॅनरपाशी आणण्यापेक्षा स्कॅनर गोणीपाशी नेणं सोपं.

४. डेमो दुकानात नको, आपल्या काउंटरवर मागा

बरेच विक्रेते तयार होतात, विशेषतः बिलिंगचं सॉफ्टवेअरही तेच देत असतील तर. जेल रोडवरच्या ट्यूबलाइटखाली आणि तुमच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डेमो आला की या क्रमानं करा.

आधी बघा की यंत्रात इन्फ्रारेड आहे तरी का. मोबाइलचा कॅमेरा चालू करून स्कॅनरच्या काचेवर रोखा, दिवे मंद करा. काचेमागे जांभळट ठिपका चमकताना दिसला तर इन्फ्रारेड एलईडी आहे. मागच्या कॅमेऱ्यात ते अडवणारा फिल्टर बहुधा असतो, म्हणून पुढचा कॅमेरा वापरून बघा. आधी टीव्हीच्या रिमोटवर करून पाहा म्हणजे तुमच्या मोबाइलला हे दिसतं की नाही ते कळेल. पेटीवर "आयआर" लिहिलेलं असतं आणि आत नुसता लाल दिवा सतत जळत असतो, असंही बघितलं आहे.

मग जागं होण्याची परीक्षा. पिशवीतली काळी डबी वेगवेगळ्या अंतरांवरून समोर आणा. दिवा लागायला उशीर होतो का, की लागतच नाही? नंतर उलटी परीक्षा: समोर काहीच नसताना दिवा आपोआप लागतो का? समोरच्या रॅकला चिप्सच्या पुड्यांची माळ लटकत असेल आणि पंख्यानं हलत असेल, तर स्कॅनर दिवसभर तिच्याकडे बघून डोळे मिचकावत बसेल.

मग वाचण्याची परीक्षा. नमकीनचा पुडा आधी अगदी समोरासमोर धरा, बहुतेक वेळा वाचणार नाही, कारण एलईडीचा चकाकता ठिपका नेमका कोडावर पडतो. आता पुडा थोडा तिरपा करा. पटकन वाचला तर यंत्र ठीक आहे. तिरपा करूनही तीन-चार झटके लागत असतील तर पुढचं यंत्र बघा. तुमच्या दुकानातला निम्मा माल असाच पुड्यांतला असेल, तर या एका परीक्षेवर निर्णय घेतला तरी चालेल.

शेवटी मोबाइलचा पडदा. इथे इन्फ्रारेडचा काही उपयोग नाही. पडद्याचा स्वतःचा उजेड साध्या प्रकाशातला असतो, इन्फ्रारेड कॅमेऱ्याला तिथे नुसती काळपट काच दिसते. लेसरचंही तेच, त्याचा किरण काचेवरून सटकतो. चांगला इमेजर आपला दिवा न लावता पडद्याच्या उजेडावरच चित्र घेतो. डार्क मोडमध्ये काळ्यावर पांढरा क्यूआर येतो, तो वाचायला सेटिंगमध्ये उलटा कोड चालू करावा लागतो. गिऱ्हाइकांना प्रायव्हसी काचेची आवड लागली आहे, तिच्यावर तिरपं धरून काही वाचत नाही, सरळच धरायला सांगा. काउंटरवर ठेवलेला यूपीआयचा क्यूआर गिऱ्हाईक स्वतःच्या फोननं वाचतं, त्याचा आपल्या स्कॅनरशी संबंध नाही. पडदा वाचायची गरज कूपन, लॉयल्टी कार्ड अशा गोष्टींना लागते.

५. जागा आणि उजेड

उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. पिवळ्या तारेच्या बल्बमध्ये आणि हॅलोजनमध्येही. एलईडी ट्यूबमध्ये जवळपास नसतंच. म्हणून मे महिन्यात दुपारी चारनंतर तिरपं ऊन थेट काचेवर आलं की पहारेकरी सेन्सर आंधळा होतो. स्कॅनर बिघडला समजून लोक सर्व्हिसवाल्याला बोलावतात, तो येईपर्यंत ऊन उतरतं आणि यंत्र छान चालतं. मशीन काउंटरवर नव्वद अंशांत वळवा, किंवा वर काळ्या कागदाची छोटी पडवी चिकटवून बघा. कागदानं फरक पडला तर मग नीट पत्र्याची करून घ्या.

काउंटर स्टीलचा असेल तर स्कॅनरच्या समोर हातभर जागेवर मॅट काळी रबरी चटई टाका. चकचकीत पत्र्यावरून परत आलेला इन्फ्रारेड वस्तूसारखाच भासतो. वस्तूच्या मागच्या बाजूला, म्हणजे स्कॅनर जिकडे बघतो त्या दिशेला, दोन-अडीच फूट तरी रिकामी जागा ठेवा. जमत नसेल तर संवेदनशीलता कमी करायचं सेटिंग बहुतेक यंत्रांत असतं.

देवाचा फोटो आणि उदबत्ती स्कॅनरपासून लांब. राख काचेवर बसते ती दिसत नाही, पण वाचायचं अंतर हळूहळू कमी होत जातं.

६. जोडणी आणि सेटिंग

यूएसबी लावली की बहुतेक स्कॅनर कीबोर्ड असल्याचं सोंग घेतात. म्हणजे कोड वाचला की आकडे तुम्ही टाइप केल्यासारखे पडतात. सोपं आहे, पण यात दोन खड्डे आहेत. पहिला: कॉम्प्युटरचा कीबोर्ड हिंदी किंवा मराठीवर राहिला असेल तर अक्षरं असलेल्या कोडाचं भजं होतं. गिऱ्हाइकाचं नाव देवनागरीत लिहिलं आणि परत बदलायचं राहिलं, की हे हमखास. दुसरा: कर्सर चुकीच्या रकान्यात असेल तर तेरा आकडे थेट नगांच्या रकान्यात जाऊन बसतात. सॉफ्टवेअर सोय देत असेल तर यूएसबी-कॉम प्रकारानं (कीबोर्डचं सोंग न घेता आकडे थेट सॉफ्टवेअरला देणाऱ्या) जोडा, दोन्ही कटकटी मिटतात.

सेटिंगच्या पुस्तकातून एवढं करून घ्या:

- प्रत्येक कोडानंतर एंटर.
- तोच कोड लगेच दुसऱ्यांदा वाचू नये म्हणून मधला वेळ थोडा वाढवा. नाहीतर एक तुपाचा डबा दोनदा बिलात येतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. फार वाढवलात तर एकसारखे पाच पुडे वाचताना हात थांबवावा लागतो. बेतानं.
- जे प्रकार लागत नाहीत ते बंद करा. विशेषतः खोक्यांवरचा इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह, कारण तो अर्धवट वाचला तरी स्कॅनरला पूर्ण वाटतो. लागत असेल तर त्याची लांबी १४ आकड्यांवर बांधून टाका.
- परदेशी मालावरचा १२ आकड्यांचा कोड पुढे शून्य लावून १३ करायचं सेटिंग, सॉफ्टवेअरमध्ये जसं भरलंय तसं.

मालाची यादी एक्सेलमधून भरत असाल तर कोडाचा रकाना आधी टेक्स्ट करा. भारतात नोंदवलेल्या कंपन्यांचे कोड ८९० नं सुरू होतात. एक्सेल त्यांचं ८.९ई+१२ करून टाकतं आणि ती फाइल सीएसव्हीमध्ये जतन केलीत की खरे आकडे गेले ते गेलेच.

७. आपली लेबलं

घरगुती उद्योगांकडून येणारं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुट्टी शेव, सियागंजातून आणून आपण पुड्या बांधलेली डाळ, यांवर कोड नसतो. फक्त आपल्याच दुकानात विकायचं असेल तर जीएस१ ची नोंदणी लागत नाही. २० ते २९ नं सुरू होणारे कोड दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. दुसऱ्या कंपनीचा ८९० चा कोड उचलून लावू नका, तो माल उद्या तुमच्याकडे आला तर बिलात गोंधळ होईल.

वजनाच्या मालाला लेबल छापणारा काटा घेतला तर कोडात वजनही बसवता येतं. समजा मालाचा क्रमांक ४५ आणि वजन ७५० ग्रॅम, तर कोड असा रचता येईल: २१ ०००४५ ००७५० २. शेवटचा २ हा पडताळणीचा अंक, काटा तो स्वतः काढतो. ही रचना काट्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये तंतोतंत सारखी हवी. काटा वजन पाठवतोय आणि सॉफ्टवेअर त्याला किंमत समजतंय, अशी अवस्था पहिल्या दिवशी हटकून येते, म्हणून दुकान उघडायच्या आधी पाच-सहा पुड्यांचं खोटं बिल करून बघा.

लेबलाचा आकार: पूर्ण मापाचा ईएएन-१३ (मालावरचा नेहमीचा १३ आकड्यांचा) कोड दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ मिलिमीटर रुंद आणि २५.९३ मिलिमीटर उंच असतो. ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. कागद वाचवायला लोक रुंदी ठेवतात आणि उंची निम्मी करतात, तेव्हा हातातल्या स्कॅनरला चालतं पण टेबलावरच्याला पुडी नेम धरून फिरवावी लागते. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागेत किंमत छापणं. तिथे एक अक्षरही नको.

साधं थर्मल लेबल उन्हानं, उष्णतेनं आणि तेलानं फिकं पडतं. शेवेच्या पुडीला तेल सुटतं हे वेगळं सांगायला नको. तिथे वरून आवरण असलेलं थर्मल लेबल घ्या, किंवा रिबनवर छापणारा प्रिंटर. काळी रिबन मेणाची असो की रेझिनची, तिच्यात बहुधा कार्बन असतो, त्यामुळे उद्या एखाद्या मोठ्या मार्टात तुमचा माल गेला आणि तिथल्या यंत्रानं इन्फ्रारेड चित्रातही लेबल शोधलं, तरी ते दिसेल.

८. भाजी ओळखणारे आणि चोरी पकडणारे कॅमेरे

हे थोडक्यात, कारण आपल्यापैकी थोड्यांनाच लागेल. नव्या बायऑप्टिकमध्ये आणि सेल्फ चेकआउटमध्ये रंगीत कॅमेरा असतो. भाजी-फळ त्याच्यावर ठेवलं की तो नाव सुचवतो, आणि महाग वस्तूवर स्वस्त वस्तूचं लेबल चिकटवलं असेल तर चित्र आणि कोड जुळत नाहीत हे सांगतो. यासाठी पांढरा उजेडच लागतो. हिरवी पानं इन्फ्रारेड जोरात परत फेकतात, त्यामुळे त्या चित्रात मेथी, पालक, कोथिंबीर सगळ्या जुड्या एकसारख्या पांढुरक्या दिसतात. इन्फ्रारेड इथेही दुसरं काम करतं: हात कुठे, वस्तू कुठे, वस्तू खरंच पाट्यावरून गेली की वरच्या वर पिशवीत पडली.

कॅमेरा गिऱ्हाइकाकडे बघत असेल तर पाटी लावा, आणि चित्रं कुठे साठवली जातात, किती दिवस राहतात हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे. "सब क्लाउड में है" हे उत्तर पुरेसं नाही.

९. डोळे, काच आणि वॉरंटी

लेसरवर वर्ग २ चं स्टिकर असेल तर किरण डोळ्यांत घालून खेळायचं नाही, एवढं काउंटरवरच्या पोराला बजावा. इन्फ्रारेड दिसत नाही म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. काउंटरच्या यंत्रांतली शक्ती कमी असते, तरी काचेला डोळा लावून "आत काय आहे" बघू नये.

काच रोज सकाळी कोरड्या मायक्रोफायबरनं पुसा, डाग असेल तर किंचित ओलं फडकं. अमोनियाचं काच-क्लिनर नको. ज्या कापडानं काउंटरवरचं जीरावन आणि शेवेचा चुरा पुसता, ते कापड तर मुळीच नको. त्यातले खरखरीत कण काचेवर ओरखडे काढू शकतात आणि ओरखड्याला सहसा वॉरंटी लागू होत नाही. मोठ्या यंत्रात बदलता येणारी काच असते का, आणि इंदूरमध्ये मिळते की मुंबईहून मागवावी लागते, ते घेण्याआधीच विचारा.

सगळ्यात लवकर जाते ती केबल, स्कॅनरच्या बुडाशी वाकून. मॉडेलचा नंबर सांगून तिची एक जादा जोडी पहिल्याच दिवशी घेऊन गल्ल्याखाली टाकून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात ती पूर्ण जेल रोडवर मिळत नाही.